सही करू न शकणाऱ्या माणसासाठी कोर्टाकडून पालकत्व कसं मिळवायचं

बँकेत 31 वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसले. ‘साहेब बोलत नाहीत हो, एफडी मोडून द्या’ म्हणत आलेल्या किती बायकांना मी ‘खातेदाराची सही लागेल’ हे वाक्य ऐकवलं असेल, त्याचा हिशेब नाही. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी दादाच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि तेच वाक्य वहिनीच्या शेजारी उभं राहून ऐकायची पाळी माझ्यावर आली. पलीकडचा मुलगा नियमाने बोलत होता. त्याच्या जागी मी असते तर तेच बोलले असते.

‘अहो वन्सं, पण मी बायको आहे ना त्यांची?’ वहिनी बाहेर येऊन म्हणाली. इथेच बहुतेक घरांची समजूत चुकलेली असते. लग्नामुळे नवऱ्याच्या खात्यावर सही करायचा हक्क मिळत नाही. सज्ञान मुलाच्या आईबापांचंही तसंच. मुलगा 18 वर्षांचा झाला की त्यांचं नैसर्गिक पालकत्व संपतं, त्याला पैशाचा व्यवहार कळो वा न कळो. त्यापुढे कोणीतरी अधिकार द्यावा लागतो. तो कुठे मागायचा आणि कसा मागायचा, हे आम्ही ठेचा खात शिकलो. ते इथे क्रमाने लिहिते.

आधी बघा, कोर्टात जायची खरंच गरज आहे का

रुग्णाला समजतं पण हात चालत नाही, आणि रुग्णाला समजतच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात कोर्टाची गरज नसते. आजारी, वृद्ध किंवा अपंग खातेदार सही करू शकत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे त्याचा अंगठा चालतो, अगदी पायाचा अंगठासुद्धा. दोन स्वतंत्र साक्षीदारांनी त्याची ओळख पटवायची, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. पैसे प्रत्यक्ष कोण नेणार, हे खातेदाराने सांगायचं. शाखेतून अधिकारी घरी किंवा दवाखान्यात यावा म्हणून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विनंतीवर कोणी खुर्ची सोडत नाही, हे मी आतून सांगते.

जॉइंट खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर दुसऱ्या खातेदाराला बचत खातं चालवता येतं. मुदत ठेवीत मात्र एक मेख आहे. मुदत संपल्यावर एकाच्या सहीने पैसे मिळतात, पण मुदतीआधी ठेव मोडायची तर बँक दोघांच्याही सह्या मागू शकते. आणि नॉमिनी म्हणून नाव असणं माणूस जिवंत असताना काहीच कामाचं नाही. वहिनी दादाच्या तिन्ही ठेवींवर नॉमिनी होती.

मुखत्यारपत्राचा मोह

मुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने सही करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. दवाखान्याच्या पायरीवर त्यासाठी कोणीतरी शहाणा भेटतोच: ‘स्टँप पेपर आणा, अंगठा घ्या, काम फत्ते.’ हे करू नका. ज्याला समजत नाही त्याचा अंगठा म्हणजे नुसती शाई. भारतीय करार कायदा, 1872 प्रमाणे करार करणारा माणूस तो करतेवेळी समजून-उमजून निर्णय घेण्याच्या स्थितीत हवा. पुढे भाऊबंदकी उभी राहिली तर त्या कागदाची तारीख आणि आयसीयूतल्या केसपेपरची तारीख शेजारी ठेवली जाईल, आणि अंगठा घेणाऱ्यावरच बालंट येईल.

आधी, धडधाकट असताना केलेलं मुखत्यारपत्रही इथे उपयोगी पडत नाही. त्याच कायद्याच्या कलम 201 नुसार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचा अधिकार संपतो. इंग्लंड-अमेरिकेत बुद्धी गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र आधीच करून ठेवता येतं. त्यामुळे तिकडे स्थायिक झालेली मुलं फोनवर ‘पॉवर ऑफ अॅटर्नी आहे की’ म्हणतात. आपल्याकडे तशी सोय नाही, हे त्यांना एकदा शांतपणे समजावून सांगा.

स्मृतिभ्रंशाची नुसती सुरुवात असेल तर गोष्ट वेगळी. अधूनमधून भानावर असणारा माणूस भानावर असताना करार करू शकतो, हेही त्याच कायद्यात आहे. त्या काळात डॉक्टरांचं त्याच दिवसाचं प्रमाणपत्र घेऊन मृत्युपत्र, जॉइंट खाती, जी कामं होतील ती उरकून घ्या.

दार कुठलं ठोठवायचं

इथे वकीलही चुकतात. आम्ही ज्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो त्यांनी 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करायचं ठरवलं होतं. तो कायदा अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालच्या मुलांसाठी आहे, 63 वर्षांच्या माणसासाठी नाही. पूर्वी 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची सोय होती. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला, जुना गेला, आणि मालमत्तेचं ते प्रकरण नव्यात आलंच नाही. नव्या कायद्यातला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ मानसिक आजाराच्या उपचारांपुरता असतो. त्याच्या कागदावर बँक पैसे देणार नाही आणि देऊही नये.

उरतात ती तीन दारं.

मुलाला किंवा भावंडाला स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यास कायदा, 1999. हे सगळ्यात सोपं आणि स्वस्त. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो. अठराव्या वाढदिवसानंतर लगेच करा. अपंगत्वाचा दाखला, जन्मतारखेचा पुरावा, दोघांचे फोटो आणि पत्ता तयार ठेवा. नमुना ‘ए’ मध्ये अर्ज, समितीची चौकशी, मग नमुना ‘बी’ मध्ये पालकत्वाचं प्रमाणपत्र. पक्षाघात, कोमा, स्मृतिभ्रंश या कायद्यात बसत नाहीत.

दुसरं दार दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 14 चं. हे ‘मर्यादित पालकत्व’: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीसाठी आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. पालकाने तिच्याशी बोलून, दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा अशी त्यामागची कल्पना आहे. ज्याला आधार मिळाला तर स्वतःचं मत सांगता येतं, त्याच्यासाठी हेच योग्य. जिल्हा न्यायालय किंवा राज्याने नेमलेलं प्राधिकरण ते देतं.

आणि जो काहीच सांगू शकत नाही, कोमात आहे किंवा स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात आहे, त्याच्यासाठी उच्च न्यायालय. अशा माणसासाठी स्वतंत्र कायदाच नाही. म्हणून संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली रिट याचिका करायची. ज्याला स्वतःचं हित बघता येत नाही त्याचं पालकपण शेवटी न्यायालयाकडे येतं, या जुन्या तत्त्वावर ती उभी असते. ऑगस्ट 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 2018 पासून बेशुद्धावस्थेत असलेल्या एका गृहस्थांच्या पत्नीला याच मार्गाने पालक नेमलं. त्याआधी 2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांसाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना घालून दिल्या होत्या. तुमच्या वकिलांनी हे दोन्ही निकाल वाचलेत का, ते पहिल्याच भेटीत विचारा. चेहऱ्यावरून कळतं.

आम्हाला साताऱ्याहून मुंबई गाठावी लागली. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे, त्यामुळे सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांचा तो प्रवास वाचला. विदर्भासाठी नागपूर, मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर, गोव्यासाठी पर्वरी.

वकिलाच्या फीची धास्ती असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि दिव्यांगांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. अर्जदार पत्नी किंवा मुलगी असेल तर उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. आम्हाला हे निम्मी फी भरून झाल्यावर कळलं.

कागद जमवणं

एक फाइल रुग्णाची, एक मालमत्तेची, एक वारसांची.

रुग्णाच्या फाइलीत डिस्चार्ज कार्ड, एमआरआय-सीटीचे अहवाल आणि उपचार करणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टचं अलीकडचं प्रमाणपत्र. ‘पेशंट बेडरिडन’ एवढं लिहून भागत नाही. अंथरुणाला खिळलेला माणूसही सही करू शकतो. रुग्णाला व्यवहार समजतो का, निर्णय सांगता येतो का आणि सुधारण्याची शक्यता किती, ही तीन उत्तरं त्यात हवीत. महिन्याचा खर्च मांडा: औषधं, फिजिओथेरपी, रात्रीची बाई, डायपर, फीडिंग ट्यूब. बिलं लावा.

मालमत्तेची यादी करायला आम्हाला तीन आठवडे लागले. दादाचं कपाट उघडलं तर पासबुकं एका डब्यात, पावत्या पंचांगात, शेअरची जुनी प्रमाणपत्रं गादीखाली. दोन वर्षांचं बचत खात्याचं स्टेटमेंट हा उत्तम वाटाड्या असतो. विम्याचा हप्ता, लॉकरचं भाडं, लाभांश, व्याज, सगळं त्यात दिसतं. फ्लॅटचा करारनामा, सातबारा किंवा मिळकतपत्रिका, सोसायटीचं भागप्रमाणपत्र, घेतलेली कर्जं. कर्ज लपवू नका. काही राहिलं तर पुढे त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख.

वारसांची फाइल दिसते सोपी, पण प्रकरण इथेच अडतं. उद्या जे जे वारस ठरतील त्या सगळ्यांना याचिकेत सामील करावं लागतं, आणि त्यांची प्रतिज्ञापत्रावरची ना हरकत असली की वाट निम्मी सरते. परदेशातल्या मुलाने तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन ते साक्षांकित करून घ्यावं. व्हॉट्सअॅपवरचा ‘ओके आई’ चालत नाही. एखादा भाऊ किंवा दीर सही द्यायला तयार नसेल तर त्याला प्रतिवादी करा आणि नोटीस जाऊ द्या. लपवून केलेली याचिका पुढे उलटते. अर्जदार शक्यतो एकच ठेवा. दोघं पालक झाले की दर चेकवर दोन सह्या लागतात आणि एक जण नेमका गावाला गेलेला असतो.

याचिकेतलं सगळ्यात मोलाचं पान

वकिलांच्या लेखी कायद्याचे मुद्दे महत्त्वाचे असतात. माझ्या लेखी शेवटचं मागण्यांचं पान. कारण न्यायालयाचा आदेश अखेर माझ्यासारखा कोणी काउंटरवरचा माणूस वाचणार असतो. त्याच्यामागे ऑडिट लागलेलं असतं. आदेशात जे लिहिलेलं नाही ते तो करणार नाही.

आमच्या पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं: ‘रुग्णाच्या सर्व मालमत्तेची देखभाल करण्यासाठी याचिकाकर्तीस पालक नेमावे.’ मी लाल पेनाने ‘देखभाल’ या शब्दाखाली रेघ मारली. देखभालीत एफडी मोडणं येतं का? कार्ड बदलून घेणं? फ्लॅट विकणं? मी शाखेत असते तर हा आदेश विधी विभागाकडे पाठवला असता आणि वहिनीला ‘आठवड्याने या’ म्हटलं असतं.

शेवटी प्रत्येक गोष्टीला एकेक ओळ दिली. अमुक बँकेच्या अमुक शाखेतलं अमुक क्रमांकाचं बचत खातं एटीएम आणि नेट बँकिंगसह चालवणे. अमुक क्रमांकांच्या ठेवी मुदतीपूर्वी मोडून रक्कम त्याच खात्यात जमा करणे. पेन्शनसाठी हयातीच्या दाखल्याची पूर्तता करणे. लॉकर उघडणे. डीमॅट खात्यातले शेअर विकणे. आरोग्यविम्याचा दावा करणे. आयकर विवरणपत्र भरणे. फ्लॅट भाड्याने देण्याच्या करारावर सही करून तो नोंदवणे. उपचारांना, शस्त्रक्रियेला संमती देणे.

फ्लॅट विकण्याची परवानगी आम्ही तेव्हा मागितली नाही. गरज नव्हती, आणि नसलेली गरज दाखवली की न्यायाधीश उरलेल्या मागण्यांकडेही संशयाने बघतात. तुम्हाला ती असेल तर गरज आकड्यांनी सिद्ध करा, मूल्यांकनाचा अहवाल लावा आणि विक्रीची रक्कम कुठल्या खात्यात जाणार ते लिहा. शेतजमिनीत सहहिस्सेदार असतील तर रुग्णाचा हिस्सा किती, तेवढंच. रुग्णाचा कुठे वाटपाचा दावा चालू असेल तर त्या दाव्यापुरता पालक दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 32 नियम 15 खाली त्याच कोर्टात नेमला जातो. दोन्हींची गल्लत करू नका.

आणखी एक ओळ वकिलांकडून आग्रहाने घालून घ्या: याचिकाकर्तीला काही झालं तर पुढे कोण. वहिनी 66 वर्षांची होती. आम्ही पुतणीचं नाव सुचवलं.

तपासणीचे दिवस

याचिका दाखल झाली की न्यायालय स्वतः खात्री करून घेतं. सरकारी रुग्णालयाच्या डॉक्टरांचं मंडळ रुग्णाला तपासतं, त्यात न्यूरॉलॉजिस्ट असतो. केरळच्या सूचनांप्रमाणे तहसीलदार किंवा त्यावरच्या दर्जाच्या महसूल अधिकाऱ्याने घरी येऊन अहवाल द्यायचा असतो. रुग्ण हलवण्याजोगा नसेल तर तसं डॉक्टरांचं पत्र आधीच जोडून मंडळाने घरी यावं अशी विनंती करा.

आमच्याकडे डॉक्टर आले तेव्हा दादा खिडकीकडे तोंड करून पडला होता. एकाने त्याच्या डोळ्यांसमोर पेन धरलं, डावीकडून उजवीकडे नेलं. दादाची नजर पेनामागे गेली नाही. मग त्यांनी नाव विचारलं. दादाने ओठ हलवले, आणि वहिनी पटकन म्हणाली, ‘ते सांगतायत, मला कळतं.’ डॉक्टरांनी हाताने तिला थांबवलं. रागाने नाही, पण थांबवलं. तुमच्या घरीही हे होईल. त्या क्षणी रुग्णाच्या वतीने बोलू नका, आणि तो आहे त्यापेक्षा वाईट दिसावा म्हणूनही काही करू नका. नेहमीची औषधं, नेहमीची वेळ, नेहमीचं अंथरूण. अधिकारी शेजाऱ्यांनाही विचारतात की रुग्णाला बघतं कोण. खोटं असेल तर तिथे उघडं पडतं.

अर्ज दाखल झाल्यापासून आदेशापर्यंत आम्हाला साडेपाच महिने लागले. मधल्या काळात उपचारांसाठी ठरावीक रक्कम काढू द्यावी, असा अंतरिम अर्ज करता येतो. आम्ही तो केला नाही आणि वहिनीच्या पाटल्या गहाण पडल्या.

आदेश हातात आल्यावर

प्रमाणित प्रती किमान पाच घ्या. बँकेत जाताना प्रमाणित प्रत दाखवायला, झेरॉक्स द्यायला, आणि वरती एका पानाचं पत्र: आदेशाच्या कितव्या परिच्छेदात कोणता अधिकार दिला आहे. काउंटरवरच्या माणसाचं काम जितकं हलकं कराल तितकं तुमचं लवकर होईल. खात्यावर ‘पालकामार्फत’ अशी नोंद होऊन तुमची नमुना सही चढते, केवायसी तुमचंही घेतात. नकार दिला तर लेखी कारण मागा. बहुतेक नकार लेखी मागितल्यावर विरघळतात. आयकराच्या पोर्टलवर प्रतिनिधी करदाता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते.

पैसे रुग्णाच्याच खात्यात राहू द्या. स्वतःच्या खात्यात वळवून मग खर्च करणं ही सगळ्यात मोठी चूक, हेतू कितीही स्वच्छ असला तरी.

हिशेबाची वही

पालकत्वावर देखरेख असते. मुंबईच्या 2020 च्या आदेशात ती राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे दिली होती, दर तीन महिन्यांनी अहवाल आणि निदान दोन वर्षं. केरळच्या सूचनांत पालकानेच दर सहा महिन्यांनी व्यवहारांचा तपशील न्यायालयाला द्यायचा आहे. राष्ट्रीय न्यासाखाली नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. तुमच्या आदेशात काय आहे ते वाचा आणि तारखा कॅलेंडरवर लिहा.

वहिनीची वही दोनशे पानी, लाल कव्हरची. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, बिलावर नंबर, तोच नंबर वहीत. ‘केस कापणे, 150, घरी येऊन.’ ‘पोपटी रंगाची चादर, 420.’ चादरीवर ती अडखळली, ‘हे त्यांच्या पैशातून चालेल का?’ चालेल, चादर दादा वापरतो. नातवाच्या बारशाची अंगठी मात्र दादाच्या खात्यातून घेता येणार नाही, दादा शुद्धीवर असता तर त्याने दोन घेतल्या असत्या तरी. एकत्र राहणाऱ्या घरात वीज, किराणा यांचा वाटा एकदाच ठरवा, वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि तोच पाळा. कुठे शंका आली तर खर्च करण्याआधी न्यायालयाला विचारा. नातलगांपैकी कोणालाही गैरवापराची तक्रार करून पालक बदलून मागता येतो, आणि त्या वेळी ही वहीच तुमच्या बाजूने बोलते.

पालकत्व संपतं तेव्हा

रुग्ण बरा झाला तर तसा अर्ज करून अधिकार त्याला परत द्यायचा. थोडं बरं झालं तरी कळवा. काही निर्णय तो स्वतः घेऊ शकत असेल तर तेवढे पालकाच्या हातातून काढायला हवेत.

रुग्ण गेला तर पालकत्व त्याच क्षणी संपतं. अंत्यसंस्काराच्या खर्चासाठीही त्याचं कार्ड एटीएममध्ये घालायचं नाही. बँकेला मृत्यू कळवा, पेन्शन थांबवा, शेवटच्या तारखेपर्यंतचा हिशेब आणि शिल्लक लिहून न्यायालयाने सांगितलं असेल तिथे दाखल करा. तिथून पुढे नॉमिनी आणि वारसांचं काम सुरू होतं. ते कागद वेगळे, त्यांची रांग वेगळी.